गोरजाचा फोटो

लग्नाचे फोटो काढायला बाई कशाला लागते, असं कुणी विचारलं की माझं अजूनही डोकं फिरतं. मी नसते तर त्या काळातल्या आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांच्या फोटोंत नुसते फेटे आणि मिशाच दिसल्या असत्या. परका पुरुष काळ्या कापडात डोकं घालून आपल्याकडे रोखून बघतोय म्हटल्यावर बाया पाठ फिरवायच्या, नाहीतर पदर असा ओढायच्या की हनुवटीसुद्धा दिसायची नाही. मग मी पुढे व्हायचे. एकीची थट्टा, दुसरीच्या नथीचं कौतुक, तिसरीला सरळ दम. सगळ्या हसायला लागल्या की मी मागे हात करायचे आणि हे तेवढ्यात फोटो घ्यायचे.

जालन्याला रस्त्यावरच्या एका खोलीत आमचा स्टुडिओ होता. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि मला या घरात येऊन त्याहून थोडी कमी. पुढे स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये एक बिनखिडकीची कोठी. तिथे लाल दिव्यात फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायच्या. ते काम मी लग्नानंतर लगेच शिकले आणि ह्यांच्यापेक्षा बरं करायला लागले. हे मी म्हणत नाही, हेच म्हणायचे. फक्त चारचौघांत म्हणायचे नाहीत.

ह्यांचा स्वभाव आनंदी, पण हट्टी. फोटो बिघडला की ह्यांचं एकच उत्तर ठरलेलं, उजेड कमी पडला. अंधाऱ्या जागी फोटो काढायला तेव्हा एक भुकटी मिळायची. पत्र्याच्या पसरट ताटलीत ती घालून पेटवली की डोळे दिपवणारा भडका व्हायचा आणि वर धुराचा लोट जायचा. ह्यांचा त्या भुकटीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

ही भुकटी हरायची ती एका ठिकाणी, गोरज मुहूर्ताच्या लग्नात. गायी रानातून परतायच्या वेळेला लग्न लागणार, म्हणजे उजेड जात आलेला आणि गावभर धूळ. त्यात वऱ्हाडाच्या गाड्या आणि चुलवणांचा धूर. आदल्या उन्हाळ्यात तीर्थपुरीच्या एका लग्नात ह्यांनी तसा फोटो काढला होता. कागदावर छापून बघितला तर नवरा नाही, नवरी नाही, भटजी नाही. दुधाचं पातेलं लवंडल्यासारखं सगळं पांढरं.

"उजेड कमी पडला," हे म्हणाले.

"अहो, आणखी किती पांढरं करायचंय?" मी म्हणाले. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. त्यानंतर गोरजाचं लग्न आलं की सरळ नाही म्हणायचं, असं आम्ही ठरवून टाकलं.

आणि मग थंडी सरताना कुंभार पिंपळगावाकडचे एक शेतकरी आमच्या दारात आले. साठीच्या आतबाहेरचे, पांढरा फेटा, उंच. त्यांची बायको त्यांचा दंड धरून चालत होती. त्या शेतकऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी "या मामा, या मामी" म्हणत मामांना खुर्चीत बसवलं तर ते चाचपडत उठले आणि खुर्ची फिरवून दाराकडे पाठ करून बसले.

"फोटूवाले, पोरीचं लगीन हाये चैतात," ते म्हणाले. "मला ते बघायचंय."

ह्यांना काही कळेना. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू अजून पिकला नाही. पुढच्या हिवाळ्यात जालन्यात डोळ्यांचं शिबिर लागेल, तेव्हा काढू. पण नवरा मुलगा मंठ्याचा आणि त्याच्या घरची माणसं तोवर थांबायला तयार नव्हती.

"मंग मी काय करावं? तवा दिसणार न्हाई ते मागून बघावं. तुमी फोटू काढून ठिवा. माझा मोतीबिंदू निघाला की मी येऊन बघतो."

"आणि मामी बघतीलच की तेव्हा," मी म्हणाले.

"मी कुठली बघती?" बायको एकदम म्हणाली. "मंगलाष्टकं चालू असली की नवरीच्या आईनं मांडवात उभं ऱ्हायचं न्हाई आमच्यात. मी मागच्या दारी तुळशीला पाणी घालत बसणार. ह्यांना डोळं न्हाईत आन् मला मुभा न्हाई. एकुलती एक पोरगी, आन् तिचं लगीन सगळं गाव बघणार, आमी दोघं सोडून."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दुसरीकडे बघत होते. मग ह्यांनी विचारलं, मुहूर्त कोणता.

"गोरज."

झालं! हे म्हणाले, सकाळचा मुहूर्त धरा. मामा म्हणाले, आमच्या घरातली सगळी लग्नं गोरजावर लागली. हे म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी सकाळी नवरानवरीला हार घालून परत उभं करू, फोटो झकास येईल.

"आन् ते सोंग मी बघत बसू?" मामा चिडून दाराकडे फिरले. "अंतरपाट पडला, ती येळ पायजे मला. खरी येळ."

मी पाणी घेऊन त्यांच्यासमोर, दारापुढे उभी राहिले. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. "बाई, तुमी जरा दारातून हला. उजेड समोरून डोळ्यात सांडला की सगळं दुधावानी होतंय, माणूस दिसत न्हाई. हां, तिकडं बाजूला उभ्या ऱ्हा. आता उजेड तुमच्या गालावर पडला. आता नाक दिसलं तुमचं. बराबर हाये नाक."

"परक्या बाईचं नाक कामून बघता?" मामी त्यांच्या खांद्यावर चापट मारत म्हणाल्या आणि आम्ही सगळेच हसलो. पण माझं हसणं अर्ध्यात थांबलं. दुधासारखं, हा तर आमच्या तीर्थपुरीच्या फोटोचा रंग होता. ह्यांनी नकार द्यायला तोंड उघडलं, त्याच्या आत मी म्हणून टाकलं, "काढू आम्ही. गोरजावरच काढू."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं हे मला त्यांच्या पाठीमागे म्हणाले. मी म्हटलं, तुमची भुकटी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून पेटते. तिचा उजेड नवरीपर्यंत जायच्या आधी समोरच्या धुळीवर पडतो. ती धूळच पांढरी होते आणि नवरी तिच्याआड जाते. भडका बाजूने केला तर? हे म्हणाले, पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याने गोरज मुहूर्त बघितला नसेल.

ह्यांच्याकडे एक पिवळी काच होती. लांबच्या डोंगरावर निळसर धुकं पडलं की ती भिंगापुढे लावायची, मग डोंगर स्वच्छ यायचा. हे म्हणाले, ती लावू. पण ती काच जवळच्या धुळीपुढे काहीच कामाची नाही, हे ह्यांनाही ठाऊक होतं. नुसतं बायकोचं ऐकायला नको म्हणून काच पुसत बसले होते.

शेवटी मी शेजारच्या खालांना, म्हणजे आमच्या मुसलमान मावशींना, बोलावलं. त्यांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी लोबान जाळायचे. त्यांची लोबानदाणी मागून आणली, वर शेणकुटाचे दोन तुकडे टाकले, स्टुडिओच्या दारंखिडक्या लावल्या आणि खालांनाच समोर बसवलं. घटकेत खोली धुराने भरली. मी ग्यासबत्ती कॅमेऱ्याशेजारी धरली. हे काळ्या कापडात शिरले.

"दिसतात का खाला?"

"नाही. भिंत दिसते आहे पांढरी."

"मेरेकू भी कुछ नै दिस रा," खाला धुरातून म्हणाल्या. "जल्दी करो, नै तो जनाजा निकलता मेरा."

मग मी बत्ती उचलून खालांच्या उजव्या हाताला नेली, त्यांच्यापासून चार हात लांब, आणि कॅमेऱ्याच्या बाजूने तिला काळ्या पुठ्ठ्याची आडोशाची भिंत केली. कापडाखालून काही आवाज येईना. मला वाटलं ह्यांना घेरी आली. कापड उचललं तर हे भिंगामागच्या काचेला नाक लावून बसले होते. "खालांच्या कानातली फुलं मोजता येतायत," हे म्हणाले. त्यानंतर ह्यांना जी ढास लागली ती थांबेचना. बाहेर धूर येतोय बघून रस्त्यावरचे दोघे पाण्याची बादली घेऊन धावत आले होते. खालांनी त्यांना जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला आणि खालांना आधी दिला. मला दुसरा कप दिला आणि म्हणाले, "अति तिथे माती म्हणतात ते उजेडालाही लागू आहे तर." एवढं ऐकायला मला लग्नानंतर इतकी वर्षं लागली होती, त्यामुळे चहात साखर नव्हती हे मी बोलले नाही.

चैत्रात आम्ही मोटारीने आणि पुढे बैलगाडीने लग्नाच्या गावी पोचलो. मांडव घरापुढच्या मोकळ्या जागेत होता आणि गुरांची वाट अगदी त्याच्या कडेने जात होती. मांडवात पाण्याचा सडा घातला होता, पण गुरांच्या वाटेवर कोण सडा घालणार? सकाळपासून मी नवरीच्या मागे होते. चेहरा गोल, डोळे बोलके, नुसती चिवचिव. मी तिला बजावलं, अंतरपाट पडला की समोर नवऱ्याकडे बघायचं, मान खाली घालायची नाही, इकडेतिकडे बघायचं नाही.

"हाव," ती म्हणाली.

"पापणी हलवायची नाही."

"हाव."

"बाबांना पुढे दिसलं पाहिजे ना तुझं तोंड?"

तिने माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "दिसंल ना वो ताई नक्की? त्यांनी लई आस धरली हाये." मी म्हटलं, दिसेल. म्हटलं खरं, पण माझी मलाच खात्री नव्हती. स्टुडिओतला धूर खालांचा होता, आपल्याला हवा तेव्हा केलेला. इथे शंभर गुरं येणार होती आणि अंतरपाट एकदाच पडणार होता.

कॅमेरा मांडवाच्या एका टोकाला लावला. भुकटीची ताटली मी एका लांब बांबूला बांधली आणि बायकांच्या बाजूला एक रिकामी बैलगाडी होती, तिच्यावर चढून उभी राहिले. त्यावरून बायकांत कुजबूज, की फोटोवाल्याची बायको गाडीवर चढून काय करते. एकीने विचारलंच. मी म्हटलं, नवरीवर उजेड पाडते. ती म्हणाली, मग माझ्यावर पण थोडा पाड बाई, जन्मात कुणी पाडला न्हाई. सगळ्या हसत सुटल्या आणि मी बांबू सरळ उभा धरला.

सूर्य शेताच्या बांधाला टेकला आणि घंटांचा आवाज आला. आधी बैल, मग गायी, मग म्हशी, आणि त्यांच्यावरून सोनेरी धुळीचा ढग सरळ मांडवात. इतकं सुंदर दिसत होतं की मला राग आला. नवरीचा शालू दिसेना, भटजींचा नुसता आवाज ऐकू येत होता. मामा एका खांबाशी उभे होते, हातात अक्षता घेऊन. मामी केव्हाच मागच्या दारी निघून गेल्या होत्या. एकेक मंगलाष्टक संपत होतं, "सावधान" होत होतं, अक्षता उडत होत्या आणि मी हातातली पेटती उदबत्ती विझू नये म्हणून तिच्यावर फुंकर घालत होते.

शेवटचं "सावधान" झालं. अंतरपाट ओढला गेला. वाजंत्री एकदम कडाडली. ह्यांनी भिंगाचं झाकण काढलेलं मी बघितलं आणि उदबत्ती ताटलीतून खाली लोंबणाऱ्या वातीला लावली.

भप्पकन भडका झाला. सगळा मांडव बाजूने उजळून निघाला. त्याचबरोबर वरातीच्या गाडीचे दोन बैल बुजले आणि नवऱ्याकडच्या पाहुण्यांच्या गाद्या-वळकट्या घेऊन शेतात पळाले. फेटे सावरत दहाबारा माणसं त्यांच्यामागे. एका म्हशीने मांडवात येऊन हळदीच्या ताटात तोंड घातलं आणि पिवळी होऊन बाहेर गेली. मला वाटलं आता नवऱ्याकडची माणसं आम्हाला मारणार, पण नवऱ्याचा बापच इतका हसायला लागला की त्याला धरून बसवावं लागलं. त्या लग्नात जेवणाची पंगत उशिरा बसली, पण इतकी हसरी पंगत मी पुन्हा बघितली नाही.

जालन्याला परतल्यावर मी कोठीत शिरले आणि हे दाराबाहेर बसले. एरवी आत येऊन सूचना करायचे, त्या दिवशी आले नाहीत. मी लाल दिव्यात प्लेट हलवत राहिले. आधी मांडवाचे खांब आले. मग भटजींची शेंडी. मग हार, मग मुंडावळ्या, मग चेहरे, एकेक, सगळे. धूळ होती, पण ती मागे, पातळ, नुसती हवेत लटकलेली. मी आतून ओरडले. हे बाहेरून ओरडले. खाला आपल्या घरातून ओरडल्या, कारण त्यांना वाटलं पुन्हा आग लागली.

फोटो छापला आणि आम्ही दोघं तो दिवसातून दहादा काढून बघायला लागलो. मामांचा निरोप होता, फोटो तुमच्याजवळच ठेवा आणि त्यात काय आहे ते आमच्यातल्या कुणालाही सांगू नका. मामीसुद्धा बघणार नव्हत्या. बघू तर दोघं मिळून. मंठ्याहून नवरीही एकदा डोकावून गेली, पण बाबांच्या आधी बघणार नाही म्हणाली. आम्ही मात्र बघत होतो. खांबाच्या कडा किती रेखीव, अक्षतेचा दाणा न् दाणा कसा हवेत दिसतो, धुळीतून शालूची नक्षी कशी उमटली. दुसऱ्या फोटोवाल्यांना हे तो मोठ्या ऐटीत दाखवायचे. आणि खरं सांगते, तेव्हा ह्यांनी चारचौघांत माझं नाव घेतलं.

हिवाळ्यात शिबिर लागलं. मामांचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि जाड भिंगांचा चष्मा मिळाला त्या सकाळी शिबिरातून निघून ते थेट आमच्याकडे आले. मामी बरोबर होत्याच. पण आता दंड मामांनी धरला होता आणि रस्त्यातल्या प्रत्येक दगडाची ते त्यांना खबर देत होते.

"बघून चाल. खड्डा हाये."

"पन्नास वर्षं झाली चालती मी या पायांनी," मामी म्हणाल्या.

मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, मग मान वाकडी करून एका जागी स्थिर केला. मामी फोटोकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मी आणि हे समोर उभे, शाबासकीची वाट बघत.

"ही आमची?" त्यांनी बोट ठेवलं.

"हो," मी म्हणाले.

"मोठी झाली की." त्यांनी बोट तिच्या मुंडावळ्यांवरून फिरवलं. मग म्हणाले, "ही कुठं बघून राह्यली?"

"नवरदेवाकडे," हे म्हणाले. "अंतरपाट नुकताच पडलाय बघा."

"न्हाई. नवरदेव हितं हाये. ही त्याच्या खांद्यावरून तिकडं बघून राह्यली." त्यांचं बोट हळूहळू सरकलं आणि खांबाशी थांबलं. "ह्यो म्हातारा कोण? वाजंत्र्याकडं तोंड करून अक्षता टाकून राह्यला. लगीन हिकडं आन् ह्याचं तोंड तिकडं!"

आम्ही दोघं फोटोवर वाकलो. इतके महिने बघत होतो आणि आम्ही ते बघितलंच नव्हतं.

मामी हळूच म्हणाल्या, "तुमीच हाये की वो ते."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. स्वतःचं तोंड त्यांनी किती वर्षांत बघितलं नव्हतं कुणास ठाऊक. ते त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले, मग पोरीकडे, मग परत म्हाताऱ्याकडे. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"तिनं नवऱ्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलं," ते म्हणाले. "आन् मी वाजंत्र्याला अक्षता टाकल्या." आणि ते हसायला लागले. हसता हसता उठलेच. "मंठ्याची मोटार कवा हाये?"

"आता? चहा तरी घ्या," मी म्हणाले.

"डाक्टरनं पडून ऱ्हा म्हणलंय," मामी म्हणाल्या.

"डाक्टरला काय ठावं? आता तिनं परत बघावं. मी बराबर तिच्याकडं तोंड करून उभा ऱ्हातो." आणि ते रस्त्यावर पोचलेसुद्धा, कुणाचा हात न धरता. फोटो टेबलावरच राहिला होता. हे तो घेऊन मागे धावले.

"राहू द्या आता," मामा वळून म्हणाले. "मी पोरगीच बघायला चाललो."

मामींनी ह्यांच्या हातातून फोटो घेतला, पदराखाली धरला आणि मोटारीच्या दिशेने चालता चालता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. त्यांनी पोरगी बघावी. मी अजून लगीन धड बघितलं न्हाई."